सायंकाळचें विद्यापीठ

शाळा सुटली म्हणजे शिक्षण सुटलें, हा समज आमच्या भागांतील पुष्कळ घरीं अजून कायम आहे. बारावीचा निकाल लागला कीं मुलगा रांजणगांवच्या कारखान्यांत कंत्राटी कामास लागतो, नाहीं तर वडिलांबरोबर उसाला पाणी धरतो. मुलीच्या लग्नाचें बोलणें निघतें. "पुढें शिकवायचें मनांत होतें, पण ऐपत नव्हती," असें पालक आम्हांस सांगतात, आणि त्यांत खोटें कांहीं नसतें. पुण्यास खोली, खानावळ आणि फी हा खर्च तर आहेच. शिवाय घरांत येऊं शकणारा एक पगार तीन वर्षें बुडतो. हा शेवटचा आंकडा कोणी कागदावर मांडीत नाहीं, परंतु सर्वांत जड तोच असतो. मग दिवसां काम करून, सायंकाळीं, थोडक्या खर्चांत, एखाद्या नांवाजलेल्या विद्यापीठांत शिकतां येईल काय? हा प्रश्न आम्हांस विचारणारे पालक फार थोडे. प्रस्तुत लेखांत त्याचेंच उत्तर देण्याचा आमचा विचार आहे. उत्तर सर्वस्वीं गोड नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों.

नियमित विद्यार्थी तो, जो सकाळीं वह्या घेऊन निघतो आणि ज्याच्या पोटाची काळजी दुसरा कोणी वाहतो. ज्याला ती स्वतःच वाहावी लागते, त्यानें विद्यापीठाच्या दारांत पाऊल ठेवूंच नये कीं काय, असा प्रश्न विलायतेंत एकोणिसाव्या शतकांत निघाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांतील जेम्स स्टुअर्ट नांवाचा तरुण अध्यापक १८६७ साली उत्तर इंग्लंडमधील शहरीं स्त्रियांपुढें ज्योतिषशास्त्रावर व्याख्यानें देऊं लागला. तरुण अध्यापकानें स्त्रियांस तोंडीं प्रश्न विचारावे आणि त्यांनीं उत्तरें द्यावीं, हें त्या काळीं शिष्टसंमत नव्हतें. म्हणून त्यानें प्रश्न छापून वांटले व उत्तरें लिहून मागविलीं. पुढें रॉचडेल येथील कामकऱ्यांच्या सहकारी संस्थेंत त्याचीं व्याख्यानें झालीं. एकदां व्याख्यान संपल्यावर त्यानें आपल्या आकृत्या भिंतीवर तशाच ठेवल्या. पुन्हां आला तों कळलें कीं, मध्यंतरीं कित्येक कामकरी त्या आकृत्यांपुढें उभे राहून गेले असून त्यांच्या मनांत अनेक शंका आहेत. तेव्हांपासून व्याख्यानानंतर शंकासमाधानाचा वर्ग भरूं लागला. छापील प्रश्न, लेखी उत्तरें आणि व्याख्यानानंतरची चर्चा या तीन गोष्टी मिळून जी पद्धति तयार झाली, ती १८७३ मध्यें केंब्रिज विद्यापीठानें अधिकृतपणें पत्करली. विद्यापीठाच्या भिंतीबाहेरील शिक्षणाचा हा पाया. पंडितांनीं बैठकीत ठरविलेल्या योजनेपेक्षां कामकऱ्यांच्या शंकांचा वांटा त्यांत अधिक आहे, असें आम्हांस वाटतें.

खर्चाचा प्रश्न मात्र अमेरिकेंत सुटला, आणि त्याची कथा मुंबईशीं येऊन मिळते. बोस्टन शहरीं जॉन लॉवेल नांवाचा एक धनवान व्यापारी होता. थोड्याच काळांत त्याची पत्नी व दोन्ही मुली आजारानें गेल्या. घर असें रिकामें झाल्यावर तो देशाटनास निघाला. मिसर देशांत नाईल नदीच्या कांठीं असतां त्यानें आपलें मृत्युपत्र पुरें केलें, आणि पुढें हिंदुस्थानांत येऊन १८३६ च्या मार्च महिन्यांत तो मुंबईंत मरण पावला. वय अवघें छत्तीस. आपल्या संपत्तीचा निम्मा भाग त्यानें बोस्टनच्या लोकांसाठीं व्याख्यानें चालविण्यास ठेवला होता. साधीं व्याख्यानें फुकट असावीं. परंतु जो विषय खोलवर शिकूं इच्छितो, त्याच्याकडून सहा महिन्यांच्या वर्गाची कांहीं फी घ्यावी, असें त्यांत होतें. फी किती? तर दोन बुशेल गव्हाच्या किंमतीहून अधिक नसावी!

ही अट आम्हांस फार आवडली. डॉलराचा भाव पडतो, रुपयाचाही पडतो. परंतु दोन पोतीं धान्य विकून काय मिळतें हें शेतकऱ्यास केव्हांही कळतें. १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष ए. लॉरेन्स लॉवेल यांनीं, जे त्याच घराण्यांतले व त्या निधीचे विश्वस्तही होते, विद्यापीठाचे सायंवर्ग सुरू केले, तेव्हां एका विषयाची फी पांच डॉलर ठेवण्यांत आली. अमेरिकेंतील सर्वांत जुनें विद्यापीठ, आणि फी दोन बुशेल गहूं! आज तेथील फी त्या मर्यादेंत राहिलेली नाहीं. एका विषयाचें मोल आतां डॉलरांच्या हजारांत गेलें आहे. परंतु मापाचें साधन आपल्या हातीं राहिलें.

मुलांनो, हा हिशेब तुम्हींच करून पाहा. एक बुशेल गहूं म्हणजे वजनानें ६० पौंड. दोन बुशेल १२० पौंड, म्हणजे सुमारें ५४ किलो. अर्ध्या क्विंटलाहून किंचित् अधिक. २०२५–२६ च्या हंगामासाठीं सरकारनें गव्हाचा हमीभाव क्विंटलास २,४२५ रुपये ठरविला होता. त्या भावानें दोन बुशेलांचे सुमारें १,३२० रुपये होतात. एखाद्या वर्गाची जाहिरात तुमच्या हातीं आली, तर तिची फी किती किलो गव्हाची आहे हें पहिल्यानें काढा. 'फक्त' या शब्दापुढें छापलेला आंकडा धान्यांत मांडला कीं त्याचें खरें वजन कळतें. पन्नास-शंभर किलोंची फी असेल तर घरीं बोलावें. दहा क्विंटलांची असेल तर त्या वर्गानें काय मिळणार, हें दहा वेळां विचारावें.

आतां आपल्याकडे वळूं. पुण्यांत सायंकाळच्या शिक्षणाचा इतिहास केंब्रिजपेक्षांही जुना आहे. स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं १८५५ साली शेतकरी व मजूर यांच्याकरितां आपल्या घरीं रात्रीची शाळा काढली. तेथें ते व सावित्रीबाई दोघेंही शिकवीत. दिवसभर राबून आलेला माणूस दिव्याच्या उजेडांत पाटी घेऊन बसतो, हें दृश्य पुणेंकरांनीं स्टुअर्टच्या व्याख्यानांच्या बारा वर्षें आधीं पाहिलें होतें. त्यानंतर चौऱ्याण्णव वर्षांनीं, १९४९ मध्यें, पुण्यास विद्यापीठ स्थापन झालें, आणि २०१४ साली त्यास सावित्रीबाईंचें नांव देण्यांत आलें. रात्रीच्या शाळेंतील शिक्षिकेचें नांव धारण करणाऱ्या विद्यापीठाकडे कामकऱ्यानें सायंकाळचें शिक्षण मागावें, यांत संकोच तो कसला?

मागितलें तर काय मिळतें, तें सांगतों. फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटची जुनी इमारत आहे. तेथें या विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग असून जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश अशा भाषा अर्धवेळ शिकवितात. पहिली पायरी प्रमाणपत्राची, त्यावर पदविका, त्यावर उच्च पदविका. नोकरी करणारा आणि दुसऱ्याच विषयाचें कॉलेज करणारा असे दोघेही एका बाकावर बसूं शकतात, कारण वर्ग दिवसाच्या कडांना भरतात. फी दरवर्षीं विद्यापीठ ठरवितें, परंतु शहरांतील खाजगी क्लासांच्या मानानें ती कमी असते. भाषा शिकून पोट भरतें काय, असें कोणी विचारील. पुण्याच्या आसपास परदेशी भांडवलाचे कारखाने किती आहेत हें रांजणगांवच्या वसाहतींत एक फेरी मारल्यास दिसेल. जो यंत्रही जाणतो व त्या यंत्रासोबत आलेली पुस्तिकाही मूळ भाषेंत वाचतो, त्याची गरज कोणत्या कारखान्यास लागणार नाहीं?

दुसरी सोय फुकटची आहे, म्हणूनच बहुधा तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. विद्यापीठाचें बहिःशाल शिक्षण मंडळ संलग्न महाविद्यालयांतून डॉ. बाबासाहेब जयकर यांच्या नांवानें व्याख्यानमाला चालवितें. डॉ. मुकुंदराव जयकर हे पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु. बहिःशाल म्हणजे शाळेबाहेरचें, अर्थात् स्टुअर्टनें जें केलें तेंच. शिरूरचें बोरा महाविद्यालय याच विद्यापीठाशीं संलग्न आहे. अशा महाविद्यालयांत जयकर व्याख्यानें केव्हां होणार याची चौकशी केल्यास पैसाही न देतां चांगल्या वक्त्यांस ऐकतां येतें. प्रमाणपत्र मिळत नाहीं, हें खरें. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ यानें प्रत्येक विद्यापीठांत आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ असावें असें ठरविलें आहे. म्हणजे नियमित विद्यार्थ्याखेरीज इतरांस शिकविणें ही आतां विद्यापीठाची मेहेरबानी राहिली नसून कायद्यानें सांगितलेलें काम झालें आहे. पालकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी व चौकशीस जातांना खालीं मान घालून जाऊं नये.

येथवर वाचून एखादा उतावळा विद्यार्थी उद्यांच रानडे इन्स्टिट्यूटचा रस्ता धरील, तर त्यास थांबवावें लागेल. न्हावऱ्याहून पुणें सुमारें पासष्ट किलोमीटर. शिक्रापूरपर्यंत गाडी बरी जाते. पुढें वाघोलीची कोंडी ज्यानें पाहिली आहे त्यास अधिक सांगणें नको. दोन तासांच्या वर्गासाठीं जाऊन-येऊन चार तास रस्त्यावर, आणि तेंही आठवड्यांतून कित्येक दिवस. फींत जें वांचतें तें एस. टी. च्या तिकिटांत जातें, आणि तिकिटांतून जें वांचतें तें झोपेंतून जातें. गेल्या वर्षीं एका पालकांनीं आम्हांस आपल्या मुलाविषयीं हाच प्रश्न केला. मुलगा हुशार, जर्मन शिकण्याची त्याला खरी हौस, आणि काम रांजणगांवास पाळीचें. आम्ही कागद घेऊन बसलों. तीन आठवड्यांपैकीं एक आठवडा त्याची दुसरी पाळी, म्हणजे सायंकाळ कारखान्याची. एक आठवडा रात्रपाळी, म्हणजे वर्ग सुटल्यावर कामावर पोंचणें अशक्य. राहिला एक आठवडा. तीन दिवसांपैकीं एक दिवस हजर राहून परकीय भाषा येत नसते. आम्ही त्यांस नको म्हणून सांगितलें, आणि तें सांगतांना वाईट वाटलें.

शेतकऱ्याच्या मुलाचें तरी निराळें काय आहे? पंपाची वीज एक आठवडा दिवसां, तर एक आठवडा रात्रीं. ज्या सायंकाळीं पाणी धरावयाचें त्या सायंकाळीं वही कोण उघडणार? सायंवर्ग ही कल्पनाच मुळीं अशा शहरांत निघाली, जेथें कचेरी ठराविक वेळीं सुटते आणि वर्ग तेथून चालत जाण्याच्या अंतरावर असतो. कामकऱ्याचा मोकळा वेळ कोणता, हें आधीं पाहून मग घंटा ठरवावी लागते. मुंबईस १९४६ साली डॉ. आंबेडकरांनीं सिद्धार्थ कॉलेज उघडलें तेव्हां वर्ग सकाळीं ठेवले, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांस पुढें दिवसभर नोकरीवर जावयाचें होतें. घड्याळाचा हा विचार ज्या संस्थेनें केला नाहीं, तिची फी कितीही कमी असो, ती गरिबाच्या उपयोगाची नाहीं.

म्हणून आमचें मत असें. ज्याची नोकरी पुण्यांतच आहे व जो तेथेंच खोली करून राहतो (आणि न्हावऱ्याचीं अशीं मुलें आतां हडपसरपासून पिंपरीपर्यंत पसरलीं आहेत), त्यानें पहिल्याच वर्षीं सायंवर्गांत नांव घालावें. नोकरीच्या पहिल्या वर्षीं सायंकाळ रिकामी असते. दुसऱ्या वर्षीं ती मित्रांची होते, तिसऱ्या वर्षीं संसाराची. जो गांवींच आहे, त्यानें मात्र सायंकाळच्या वर्गाकडे जाण्याऐवजीं वर्ग घरीं येईल असें पाहावें.

तशी सोय १९८९ पासून महाराष्ट्रांत आहे. त्या वर्षीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. 'ज्ञानगंगा घरोघरीं' हें त्याचें ब्रीद. पुस्तकें विद्यार्थ्यास घरीं वाचावयाचीं, जवळच्या अभ्यासकेंद्रावर सुटीच्या दिवशीं शिक्षकांस भेटावयाचें आणि नेमल्या वेळीं परीक्षा द्यावयाची, अशी ही रीत. शिकणें मराठींतून होतें, ही खेड्यांतील मुलांस लहान सोय नव्हे. बारावी ज्यांची हुकली होती, अशा कित्येकांनीं सहा महिन्यांचा पूर्वतयारीचा अभ्यास करून येथें पदवीस प्रवेश घेतला; असे नियम वेळोवेळीं बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका पाहावी. पुणें विद्यापीठानेंही मुक्त अध्ययनाची स्वतंत्र शाखा काढली असून तेथें कला व वाणिज्य या शाखांचे अभ्यासक्रम घरीं राहून करतां येतात. त्याखेरीज केंद्र सरकारचें 'स्वयं' हें व्यासपीठ २०१७ पासून आहे. त्यावर मोठमोठ्या संस्थांतील अध्यापकांचे पाठ मोबाइलवर फुकट ऐकतां येतात. परीक्षा द्यावयाची असेल तरच फी पडते. पाठ बहुतेक इंग्रजींत आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनीं इंग्रजीचा कंटाळा करूं नये असें आम्ही वर्गांत सांगतों, त्याचें एक कारण हेंही आहे.

घरीं येणाऱ्या या विद्यापीठाचा दोष एकच, पण तो मोठा: तें बोलत नाहीं. पुस्तकांचा गठ्ठा येतो, पहिला आठवडा हौसेनें जातो, आणि मग गठ्ठा फडताळांत. शंका आली तर विचारावी कोणास? रॉचडेलच्या कामकऱ्यांस आकृत्यांपुढें उभे राहण्यास निदान सोबती होते. तेव्हां एकट्यानें नांव घालूं नये. एकाच अभ्यासक्रमाचे तिघे-चौघे मिळवावे. त्यांनीं आठवड्यांतून दोन सायंकाळीं, ज्याची पाळी असेल त्यास सोडून, एकत्र बसावें. एकानें धडा वाचावा, दुसऱ्यानें प्रश्न काढावे, उत्तरें लिहूनच काढावीं. बोलून आलेलें उत्तर परीक्षेंत येत नाहीं.

मुलींच्या बाबतींत आणखी एक शब्द. सायंकाळचा वर्ग म्हटला कीं आई-वडील नाहीं म्हणतात, आणि रात्रीच्या परतीची त्यांची काळजी आम्ही पोकळ समजत नाहीं. परंतु त्या काळजीनें वर्गास नाहीं म्हणावें. शिक्षणास नाहीं म्हणूं नये. सुटीच्या दिवशीं, दिवसाउजेडीं भरणारें अभ्यासकेंद्र त्यांच्यासाठींच असल्यासारखें आहे. लग्न झाल्यावर गांव बदलतें, तर बदलल्या गांवाजवळ केंद्र बदलून मिळेल काय, हें नांव घालतांनाच विचारून घ्यावें. सासरीं जाऊनही पदवी पुरी करतां येईल, अशी सोय असतां पुस्तकें माहेरीं ठेवून जाण्याचें कारण काय?

आतां फसवणुकीविषयीं. 'विद्यापीठमान्य' असें पाटीवर लिहिलेलें प्रत्येक दुकान विद्यापीठाचें नसतें. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, अशीं ठिकाणें तालुक्याच्या गांवींही निघालीं आहेत. पैसे देण्यापूर्वीं पालकांनीं विचारावें कीं परीक्षा कोण घेणार, प्रमाणपत्रावर सही व शिक्का कोणाचा असणार, आणि पावती कोणाच्या नांवाची मिळणार. तिन्हीं प्रश्नांस एकाच विद्यापीठाचें नांव उत्तरादाखल आलें नाहीं, तर पैसे खिशांतच ठेवावे. विद्यापीठ अनुदान आयोग मान्य विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, तशीच दूरशिक्षणाची परवानगी ज्यांस आहे त्यांचीही, दोन्ही पाहाव्या. प्रमाणपत्र आणि पदवी यांतील भेदही लक्षांत असावा. सायंवर्गाच्या प्रमाणपत्रानें एक कसब येतें. जेथें पदवीची अट आहे तेथें तें चालत नाहीं. मात्र २०२१ पासून श्रेयांकांची एक राष्ट्रीय पेढी निघाली आहे. मान्य अभ्यासक्रमांत मिळविलेले श्रेयांक तींत जमा राहतात आणि नियमांत बसतील तसे पुढें पदवीकडे वळवितां येतात. तेव्हां अभ्यासक्रम निवडतांना त्याचे श्रेयांक या पेढींत जमा होतात कीं नाहीं, हा चौथा प्रश्न विचारावा.

प्रवेशाची हालचाल साधारणपणें जूनपासून सुरू होते, आणि मुदत संपल्यावर चौकशीस येणारे पालक दरवर्षीं असतातच. यंदा ज्यांस अर्ज करावयाचा असेल त्यांनीं शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीचीं गुणपत्रकें, आधारपत्र व दोन छायाचित्रें घेऊन कोणत्याही शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें. कामावर असणाऱ्यांनीं आपल्या पाळींचें वेळापत्रकही आणावें. अर्ज भरण्याआधीं आम्ही तेंच पाहणार आहों.